दानिएल पेंटरच्या नऊ आज्ञा

निपाणीत पंचेचाळीस वर्षं पेंटर म्हणून काढली आणि एकही चित्र काढलं नाही, असा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझी खानावळ आहे. आणि त्याच्या ह्या हट्टापायी माझा जेवढा संताप झालाय तेवढा माझ्या भावजयीपायीसुद्धा कधी झाला नाही.

कोंबडीच्या दुकानवाल्याला पाटीवर कोंबडी पाहिजे. साधी गोष्ट. कुठल्याही गावचा कुठलाही पेंटर चहा येईपर्यंत कोंबडी काढून मोकळा होईल. पण दानिएल आप्पा म्हणाले, "अक्षरं पाहिजेत तेवढी घे. कोंबडी न्हाय मिळणार."

"मग अंडं तरी काढा की आप्पा. अंडं म्हंजे नुसता गोल."

"अंड्यात कोंबडीच असतीया."

"आवो, ज्यास्नी वाचायला येत न्हाय त्यांनी काय करायचं?"

"वास येतोय की त्यास्नी."

कारण काय, तर बायबलातल्या दहा आज्ञांतली दुसरी. वर आकाशात, खाली जमिनीवर नि पाण्यात जे काही आहे त्याची प्रतिमा करायची नाही. आमच्या देवळातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी त्यांना समजावून पाहिलं. (देऊळ म्हणजे आमचं चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं आपसात देऊळच म्हणतो.) आप्पा, ती आज्ञा पूजेबद्दल आहे, कोंबडीपुढं कोण हात जोडतंय? आप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं तुम्हाला ठाऊक. माझा हात कसा हाय ते मला ठाऊक." फोटो मात्र चालायचा. फोटो यंत्र काढतं, हात काढत नाही. वारलेल्या आक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोटो भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी एक खिळा आहे, त्याला काही नाही.

आता मी इथं कशी आले ते सांगते, म्हणजे मला त्यांच्यावर चिडायचा हक्क किती कमी आहे ते कळेल.

मी जालन्याकडची. शाळा सातवीत सुटली. ह्या बाजूला मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाकाला आले आणि दोन वर्षांत होस्टेलच बंद पडलं. गावी भाऊ-भावजय. परत गेले असते तर त्यांनी दार लावलं नसतं, पण भावजयीनं ताट वाढताना जो आवाज केला असता तो मला इथूनच ऐकू येत होता. मी ट्रंक घेऊन देवळाच्या पायरीवर बसले होते. हातात फडकं घेऊन एक उंच, वाळका म्हातारा आला. त्यानं ट्रंकेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जेवण करता येतंय?"

"येतं."

"मग माझी पुढची खोली मोकळी हाय. रंगाचे डबे हलवतो."

एवढंच. नाव नंतर विचारलं. ह्या उपकाराचं ओझं सहा वर्षं माझ्या डोक्यावर आहे, आणि आप्पांचा आवाज जरा चढला की मी आजही मनातल्या मनात भांडी बांधायला घेते.

तर खानावळ सुरू करायची म्हटल्यावर पाटी आली. मला 'घरगुती जेवण' पाहिजे होतं. सगळ्या खानावळींवर असतं. आप्पांनी ब्रश खाली ठेवला.

"घर कुठं तुझं?"

"जालन्याकडे."

"मग हितलं जेवण घरगुती कसं?"

"आप्पा, तशी म्हणायची पद्धत असते."

"पद्धत न्हाय विचारली मी. हे घर वाटतंय काय तुला?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? त्यांच्याच खोलीत उभी होते, येऊन पंधरा दिवस झाले होते. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर उपकार विसरल्यासारखं. त्यांनी लिहिलं, 'जेवण मिळेल'. तेही कसं? डावीकडे हातभर जागा मोकळी सोडून, सगळी अक्षरं उजवीकडे सरकवून, जशी भरल्या बसमध्ये एका बाकावर चौघं बसतात तशी.

"आप्पा, मधोमध तरी काढायचं!"

"राहू दे जागा."

खाली सहीसुद्धा केली नाही. गावातल्या त्यांच्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात 'डी. पेंटर' अशी बारीक सही असते, माझ्याच पाटीला नव्हती. येणारेजाणारे हसायचे. एक गिऱ्हाईक म्हणालं, पेंटर पिऊन होता काय? पिऊन! दानिएल आप्पा! मी त्याला त्या दिवशी आमटी दुसऱ्यांदा वाढली नाही.

हा सगळा घोळ नवव्या आज्ञेचा. खोटी साक्ष द्यायची नाही. आप्पांचं म्हणणं असं, "दुकानदार तोंडानं बोलला तर ते बोलणं, इरून जातंय. पेंटरनं लिवलं की साक्ष झाली. अन् खाली सही माझी असती."

म्हणून मिठाईच्या दुकानाला 'शुद्ध तुपातील' लिहायचं तर आप्पा तीन दिवस कढईशेजारी स्टुलावर बसून राहिले. मालकाला वाटलं, म्हाताऱ्याला जिलबी आवडते. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'तुपातील'.

"आप्पा, शुद्ध राहिलं."

"ते तुझं तुला ठाऊक. मी बघितलं तेवढं लिवलं."

आणि सदलग्याची गोष्ट तर ह्या भागात अजून सांगतात. इथल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला पाटीखाली 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ पाहिजे होती. आप्पा म्हणाले, बघून येतो. बघून येतो म्हणजे खरंच. चिकोडीला गेले, तिथून सदलग्याला गेले, आणि सदलग्याच्या पेठेत त्याच आडनावाचं, तसल्याच भांड्यांचं दुकान सापडलं. आत बसलेला माणूस कानडीत बोलत होता, पण नाक तेच. सख्खा भाऊ निघाला. दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. आप्पा परत आले आणि त्यांनी पाटी पुरी केली: 'आमची कोठेही शाखा नाही. सदलग्याला भाऊ आहे.'

व्यापारी भडकला, दगड घेऊन अक्षरं खरवडायला निघाला. पण आप्पांचा रंग खरवडून जाणारा नसतो. मग जो येईल तो विचारायचा, "मोठे तुम्ही का ते?" शेवटी दिवाळीत सदलग्याचा भाऊच ही पाटी बघायला आला. पुढचं मला माहीत नाही, पण ती ओळ आजही आहे.

लोक हसतात. तुम्हीही हसत असाल. पण ह्या माणसाबरोबर एका छपराखाली राहून बघा! चौथी आज्ञा विसाव्याच्या दिवसाची, म्हणून रविवारी माझी चूल बंद. रविवारी! ज्या दिवशी एकटी राहणारी मास्तरमंडळी, वखारीतले कारकून दोन घास गोडाधोडाच्या आशेनं येतात त्या दिवशी. मी शनिवारी दुप्पट करून ठेवते, आणि रविवारी गिऱ्हाईकं स्वतः वाढून घेतात. आप्पा दारात उभे राहून मी कढईला हात लावत नाही ना ते बघतात. "पातेलं सरकवू नको. त्यो सरकवंल की, तुझ्यापेक्षा धट्टा हाय." दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये अशी, म्हणून शेजाऱ्यानं नवी मोटारसायकल घेतली तेव्हा आप्पा महिनाभर त्या बाजूला पाठ करून दात घासत होते.

मग फ्लेक्स आला आणि त्यांचं काम बसलं. तासाभरात छापून मिळतं, त्यावर कोंबडी, अंडं, कोंबडीवाल्याचा स्वतःचा हसरा फोटो, सगळं येतं. कोणी सदलग्याला जाऊन खात्री करत नाही. आता आप्पांकडे येतात ती फक्त स्मशानातली नावं. क्रुसावर नाव लिहून द्यायचं. तिथंही तेच! एका घरच्यांना 'प्रेमळ पिता' पाहिजे होतं. गेलेल्या माणसाला आप्पा चांगले ओळखत होते. क्रुसापुढं बराच वेळ बसून राहिले आणि लिहिलं, 'पिता'.

त्या स्मशानात एक बुटका क्रूस आहे, तो दर पावसाळ्यानंतर आप्पा नव्यानं रंगवतात. 'रूथ दानिएल, वय वर्षे सहा'. त्याच्यापुढं 'लाडकी' नाही, 'प्रिय' नाही. एकदा मी विचारलं. म्हणाले, "नाव खरं हाय. वय खरं हाय. बाकीचं लिवायला क्रूस पुरत न्हाय."

आता मुद्द्यावर येते, कारण माझा खरा राग पुढं आहे.

आमच्या देवळात, पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या ओट्याच्या, मागच्या भिंतीवर, दहा आज्ञांची पाटी होती. दोन सागवानी फळ्या जोडून केलेली, पुरुषभर उंच, भिंतीपासून चार बोटं सुटी ठोकलेली, काळ्यावर पांढरी अक्षरं. आप्पांनी जवानीत लिहिलेली. मी अक्षरं फार वाचलेली बाई नाही, पण त्या पाटीवरचा 'नको' पाहिला की चोरी करायचं मनात असलेला माणूससुद्धा आधी थांबून अक्षर बघेल. दर शनिवारी दुपारी आप्पा फडकं घेऊन ती पुसायला जायचे. पुढची बाजू पुसून झाली की शिडीवरून फळीच्या मागं हात घालून मागची बाजूही पुसायचे. चाचपून, हळूहळू. मी एकदा म्हटलं, "मागं कोण बघतंय आप्पा?" ते म्हणाले, "धूळ काय बघून बसती काय?"

गेल्या साली देवळाला नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. सुहाससाहेब. बंगळूरला शिकलेले, तरुण, गिटार वाजवणारे. माणूस वाईट नाही, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं नसतं. नाताळाआधी देवळाला रंग द्यायचा ठरला आणि एका रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांनी सांगितलं की जुनी पाटी काढून तिथं नवा फ्लेक्स लावायचा. उलगडून दाखवलाही. निळं आभाळ, बर्फाचे डोंगर, आणि मोठ्या अक्षरांत 'कृपा'.

देवळाच्या पंचांपैकी एकजण उठून म्हणाले, "बरं झालं साहेब. आत आलं की समोर दहा वेळा 'नको, नको'. शाळंत आल्यागत वाटतंय."

माणसं हसली. आणि आप्पा उभे राहिले. सहा वर्षांत मी त्यांना उपासनेत उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, ह्यो डोंगर कुठला?"

"कुठलाही आप्पा. परदेशातला असेल."

"आपल्या जांबोटीकडचा न्हाय?"

"नाही."

"मग हितं त्याचं काय काम?"

पुन्हा हसू. पण पाळक हसले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, "आप्पा, आपण आज्ञा पाळून वाचलो नाही. कोणीच वाचलं नसतं. आपलं तारण झालं ते कृपेनं. आता आपण नियमाच्या ताब्यात नाही. मग जे आपल्याला वाचवू शकलं नाही ते भिंतीवर कशाला?"

आप्पा म्हणाले, "साहेब, मी हिरीत पडलतो. तुम्ही म्हणता तसंच. दोर टाकून मला वर काढलं. मी स्वतः न्हाय चढलो. खरं का?"

"खरं."

"मग वर आल्यावर हिरीचा कठडा पाडायचा काय?"

"कठडा वाचवत नाही आप्पा. दोर वाचवतो."

"व्हय, दोरानंच वाचलो! पन कठडा पाडा असं दोर टाकणाऱ्यानं कवा म्हटलं? मी म्हंतो, त्यानंच बांधलाय की कठडा. त्याला ठाऊक हुतं आम्ही कसली माणसं हाय ते!"

आवाज असा चढला की बाकांवरच्या लेकरांनी कुजबुजणं थांबवलं. मग ते पंचांकडे वळले आणि म्हणाले, "तारण झालं म्हणून आता खोटं लिवू? शुद्ध तुपातलं लिवू? मग तारण झालेला पेंटर नि न झालेला पेंटर, वळखायचा कसा?"

कोणी तरी मागून म्हणालं, "बसा आता आप्पा, जेवायची येळ झाली." आणि पाटी काढावी असं ज्यांना वाटतं त्यांना पाळकांनी हात वर करायला सांगितले.

आता ऐका, कोणाचे हात वर गेले ते. ज्याचं सख्ख्या भावाशी बांधावरून भांडण आहे त्याचा पहिला. जो उपासना सुटली की थेट पत्ते कुटायला जातो त्याचा दुसरा. अशा माणसांना समोर दहा आज्ञा नको असणारच! दुसऱ्याच्या आंब्याची वाकलेली फांदी आपल्या बाजूनं झोडायची आणि वर म्हणायचं, आम्ही कृपेत आहोत. कृपा म्हणजे काय तुमच्या घरची रजई आहे, वाटेल तेव्हा डोक्यावरून ओढून घ्यायला? ह्यातल्या निम्म्या माणसांच्या घरी आप्पांनी लग्नाच्या पाट्या लिहून दिल्या आहेत. एकानं खाली मान घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण सगळ्यात जास्त राग मला विमलचा आला. विमल म्हणजे मी. पाळकांनी विचारलं, "पाटी राहावी असं कोणाला वाटतं?" आणि माझा हात पदराखालीच राहिला. चार पंचांच्या घरी माझे डबे जातात. डबे बंद झाले तर खानावळ चालायची नाही, खानावळ चालली नाही तर ट्रंक. ज्यानं ट्रंकेसकट मला त्या पायरीवरून उठवलं त्याच्यासाठी मला एक हात वर करता आला नाही. भ्यालेल्या माणसाला कुठलीच आज्ञा पाळता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मंडळीनं ठरवलंय, मी ऐकणार. पन पाटी मी काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय." मला वाटलं, अभिमान दुखावलाय.

शनिवारी दुपारी ते शिडी घेऊन निघाले तेव्हा मी मागोमाग गेले. "तू कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "शिडी धरते. तेवढं तरी करू द्या." त्यांनी शिडीचं मागचं टोक माझ्याकडे दिलं.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शिडीवर, फळी त्याच्या दुप्पट वजनाची. वरचे दोन खिळे निघाले तेव्हा पाळक आत आले. धावलेच. "आप्पा, अहो, एकटे काय करताय? उतरा, मी धरतो."

"साहेब, लांब ऱ्हावा."

"पडाल आप्पा!"

"लांब ऱ्हावा म्हंतोय न्हवं!"

तेवढ्यात तिसरा खिळा सुटला आणि फळी वाकडी झाली. पाळकांनी खालून धरली, मी शिडी सोडून दुसऱ्या बाजूनं धरली, आप्पा वरून ओढत होते. आम्ही दोघांनी ती कशीबशी जमिनीवर टेकवली, आणि टेकवताना ती उलटी झाली.

मागच्या बाजूला एक चित्र होतं.

गोल तोंड. दोन वेण्या, सायकलच्या हँडलासारख्या सरळ बाहेर निघालेल्या. एक डोळा मोठा, एक बारका. नाक म्हणजे नुसती उभी रेघ. तोंड हसरं, आणि त्यात पुढचा एक दात नाही. पहिलीतलं लेकरू काढतं तसलं चित्र. ज्या हातानं तीन लिप्यांत अर्धी निपाणी लिहिली त्या हाताला एक चेहरा धड काढता आला नव्हता. येणार कसा? कधी काढलाच नव्हता. खाली मात्र दोन अक्षरं होती, 'रूथ'. त्यांची इतकी सुंदर अक्षरं मी दुसऱ्या कुठल्या पाटीवर पाहिलेली नाहीत.

आप्पा शिडीवरून उतरले. एक एक पायरी. खाली येऊन पुलपिटाच्या पायरीवर बसले.

"शाळंत फोटो काढणार हुते," ते म्हणाले. "त्या दिशी तिला ताप. वर्गाचा फोटो हाय माझ्याकडं. त्यात ती न्हाय."

चित्राकडे बघतच ते पुढं म्हणाले,

"पुढं दहा वर्सांनी बघतोय तर चेहरा इसरायला लागलो. वेण्या आठवायच्या, हनुवटी न्हाय आठवायची. अक्षरं उजळायला पाटी घरी आणलती, तवा काढलं. दुसरी आज्ञा मोडली. ठाऊक असून मोडली. मग भिंतीकडं तोंड करून लावलं. म्हटलं, बघायचं तर एक देवानंच बघावं."

पाळक खाली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. हळू म्हणाले, "आप्पा, हे पाप नाही हो."

आणि मला वाटलं आप्पांना बरं वाटेल. पण ते असे पेटले की मी दचकले.

"पाप न्हाय कसं? तीस वर्सं दर रविवारी ह्या पाटीम्होरं बसून मी माफी मागतोय, ती काय फुकट गेली? आज्ञा संपल्या म्हंता. संपल्या तर मी मोडलं काय? अन् मोडलंच न्हाय तर मला माफी कशाची झाली?"

पाळक जरा पुढं सरकले. मग त्यांनी विचारलं, "झाली का माफी?"

"झाली की," आप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला. "दर रविवारी हुती. म्हणून तर बाकीच्या नऊ पाळायला बळ येतंय. तारण मिळावं म्हणून पाळत न्हाय साहेब. मिळालंय म्हणून पाळतोय. ज्यानं वर काढलं त्याच्या हिरीत थुकायचं न्हाय, येवढंच."

पाळक उठले. म्हणाले, "आप्पा, पाटी परत लावू. पंचांशी मी बोलतो."

"नगं. मंडळीनं हात वर केल्यात. अन् पाळकानं मंडळीला दिलेला शब्द मोडायचा न्हाय." जरा थांबून म्हणाले, "पन डोंगर तेवढा खोटा हाय तुमचा."

पाळकांनी अंगातलं जाकीट काढलं आणि त्या चित्रावर नीट पसरलं, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. मग फळीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि भर बाजारातून आम्ही ती घरी आणली. आप्पा मागून शिडी घेऊन चालत होते.

फ्लेक्स आजही देवळात आहे. एका कोपऱ्यानं सुटून डोंगर वाकडा झालाय. माझा राग गेलेला नाही आणि जाऊही नये. पाळकांनी पंचांकडे दोनदा विषय काढला, पंचांनी दोनदा चहा मागवला. त्यातल्या एकाला मी स्पष्ट सांगितलं, आप्पांना हसायचं असेल तर डबा दुसरीकडून लावा. डबा बंद झाला. पाळक आता सोमवारी माझ्याकडे जेवतात, गिटार दाराशी ठेवून.

पाटी मात्र घरात अवघड झाली. भिंतीला लावावी तर एक बाजू झाकणार. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे माळ्यावर." मी ऐकलं नाही. पहिल्यांदाच. खानावळीची खोली आणि मागचा स्वयंपाकाचा भाग ह्यांच्यामध्ये भिंत नाही, नुसता पडदा होता. पडदा काढला, वरच्या तुळईला दोन हुक मारून घेतले आणि फळी तिथं टांगली. दहा आज्ञा गिऱ्हाइकांकडे, रूथ चुलीकडे.

आप्पा दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. मी भांडी मोजत बसले. तिसऱ्या दिवशी मागच्या दारानं आत आले, पाट ओढला आणि तिच्यासमोर बसून लसूण सोलायला घेतला. तेव्हापासून रोज तिथंच जेवतात. पुढं 'चोरी करू नको' समोर बसून मास्तर लोक जास्तीचा पापड उचलायला बिचकतात, आणि मागं आप्पा मध्येच मान वर करून म्हणतात, "हनुवटी चुकलीया जरा." मी म्हणते, "बरोबर करा की मग." ते म्हणतात, "एकदा मोडली ती बास झाली."

परवा सकाळी मी दार उघडलं तर बाहेर शिडी. आप्पा वर, तोंडात बारीक ब्रश.

मी घाबरून विचारलं, "काय झालं आप्पा? काही चुकलं का?"

"जागा हुती. भरली."

मी रस्त्यावर जाऊन वर पाहिलं. डावीकडच्या हातभर मोकळ्या जागेत चार अक्षरं होती, अजून ओली. 'घरगुती'.

"बघून लिहिलंत ना?" मी विचारलं.

"सा वर्सं बघतोय की," आप्पा म्हणाले, आणि वाकून कोपऱ्यात सही करायला लागले.